माझ्या नावाची बरणी

बरणी जिन्याखाली होती. जिथं होती तिथंच.

माझ्या धाकट्या भावाने, रुबेनने, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मंगळवारी घर खाली करायचंय, बिल्डरची माणसं येतील. तुझं काय असेल तर रविवारी येऊन घेऊन जा. नाय तर गेलं म्हणून समज." माझं त्या घरात काय असणार? लग्न करून दहिसरच्या गावठाणातून पार्ल्याला आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तरी गेले. वाकून जिन्याखाली हात घातला, कोळिष्टकं बाजूला केली आणि मोबाईलच्या उजेडात निळी अक्षरं दिसली. दरवाज्याला लावून उरलेला ऑइलपेंट आणि पपाचा हात. वर माझं नाव. खाली एकच शब्द: आंबली.

तो शब्द खोटा आहे. पपाने तो खरा समजून लिहिला, आणि मी शेजारी उभी राहून लिहू दिला. मी कमी बोलणारी म्हणून नावाजलेली बाई आहे. सासरी त्याला सोशिकपणा म्हणतात, ऑफिसात समजूतदारपणा. दोन्ही नाही. तोंड उघडलं तर आधी हे बाहेर पडेल, ही भीती होती. आज उघडते.

आमच्या जन्माआधी पपा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. (आम्ही गावठाणातले ख्रिस्ती, आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात. पार्ल्यात पहिली दोन वर्षं मी तेही लपवलं.) एकदा त्याचं जहाज पोर्तुगालात एका नदीच्या मुखाशी अडकलं. का अडकलं ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, कारण गोष्ट त्याच्या पुढे होती. गोदीतल्या एका हमालाबरोबर तो आगगाडीने नदीच्या वर वर गेला, द्राक्षांच्या तोडणीला. अकरा दिवस राहिला. त्यानंतर तो जगभर हिंडला, पण गोष्टी त्या अकरा दिवसांच्याच सांगायचा.

नदीचं नाव दोरू. गावठाणातले लोक चिडवायचे, "काय रे, दोरू म्हणजे दारूच ना?" पपा हसून म्हणायचा, "आधी नदी हाय. मग दारू."

त्या नदीला काठ नाहीत, भिंती आहेत, असं तो सांगे. डोंगर सरळ पाण्यात उतरतात. माती म्हणावी अशी मातीच नाही. शाळेच्या पाटीसारखा दगड, त्याच्या कपच्या. लोकांनी तो पहारीने फोडला, आडवे बांध घातले, बांधाच्या आत त्याच कपच्या भरल्या आणि त्यात द्राक्षाचे वेल लावले. एकेका पायरीवर एक ओळ, फार तर दोन. खालून बघितलं तर अख्खा डोंगर म्हणजे जिना. दुपारी तो दगड असा तापतो की वहाणेतून चटका लागतो, आणि सूर्य बुडाल्यावरही द्राक्षं त्या धगीवर शेकत राहतात. पाण्यासाठी मुळं फटी शोधत दोन-तीन पुरुष खोल जातात. तिथं नांगर चालत नाही, बैल उभा राहत नाही. माणसं पाठीवर टोपल्या घेऊन चढतात आणि उतरतात.

हे समजावायला त्याला आईचं लुगडं लागायचं. तांबडं, चौकड्यांचं. ते खाटेवर टाकून तो चुण्या घालायचा, चुणीवर चुणी. "ह्या पायऱ्या. ह्यो काठ म्हणजे नदी. आणि ह्या हिथं," चिमटीने एक चुणी उचलून, "हिथं मी."

"आता हिथं मला उभं राहू दे," आई म्हणायची. "चर्चात मिस्साला जायचंय. नदी दुसऱ्या कुणाच्या लुगड्यावर काढ."

"सपाटीवर कुणीपण पिकवतो गो," पपा मला सांगायचा. तिच्याकडे त्याचं लक्ष नसायचं. "उभं राहायला जागा नाय, तिथं पिकव."

तिथून त्याने वेलाची एक काडी आणली. ओल्या गोणपाटात गुंडाळून, पिठाच्या डब्यात, स्वतःच्या वाट्याचं पिण्याचं पाणी शिंपडत. ती विहिरीशेजारी लावली आणि वर बांबूचा मांडव घातला. मुंबईची दमट हवा तिला कधी मानवली नाही. पानांवर पांढरी बुरशी यायची, घड लागायचे ते मूठभर. जाड सालीची, बियांची, जांभळट काळी, तोंड वाकडं करणारी द्राक्षं. शेजारपाजारचे म्हणायचे, उपटून टाक आणि दुधी लाव. पपा ऑक्टोबर आला की जहाजावरचा सुरा दगडावर घासायचा आणि वेल असा छाटायचा की आम्हाला वाटायचं, मेला. "छाटला नाय तर नुसती पानं. पानांचं काय करतेस, भजी?"

फेब्रुवारी सरता सरता नाशिककडची काळी द्राक्षं पेट्यांतून बाजारात यायची. पेटीतल्या कागदाचा ओलसर वास, त्यात चिरडलेल्या एखाददुसऱ्या द्राक्षाचा, आणि मधमाश्या. अंगणात म्हशींना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी होती. म्हशी गेल्या, डोणी राहिली. ती राखेने घासायची, उकळतं पाणी ओतायचं, उन्हात सुकवायची. मग आमचे पाय. आई गुडघ्यापर्यंत आमचे पाय धुवायची, नखांच्या कडासुद्धा, आणि पपा आम्हाला उचलून थेट डोणीत सोडायचा, मध्ये जमिनीला पाय लागू न देता. पहिला थंडगार स्पर्श, मग टप टप फुटणं, बोटांमधून वर येणारा गर. मी आणि रुबेन एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून. पपा बाहेरून कवायतीसारखा ओरडायचा, "डावा! उजवा! डावा! झोपला का तो रुबेन?" तिथं असंच करतात म्हणे, दगडी हौदात, रांगेने. शेवटी आमच्या वेलाचे ते मूठभर आंबट घड तो वरून टाकायचा. अख्ख्या डोणीत मूठभर. "मीठ कसं घालतात? तसं."

तीन तऱ्हा करायचा तो. हिरव्या द्राक्षांची पांढरी, हलकी, तळलेल्या बोंबलाबरोबर प्यायची आणि ईस्टरपर्यंत संपवायची. काळ्या द्राक्षांची तपकिरी, जहाजावरून आणलेल्या छोट्या लाकडी पिंपात माळ्यावर ठेवायची. तिला लाकडातून वारा लागायचा, रंग उडत उडत ती अक्रोडाच्या सालीसारखी व्हायची. आणि तिसरी, लाल, बरणीतली. तिची कसोटी खरी. रस फसफसायला लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पपा तासातासाला चाखायचा. अर्धा गोड, अर्धा कडक, असा एक क्षण यायचा. त्याच क्षणी मोहाची दुहेरी गाळलेली दारू ओतायची. फसफस थांबते, साखर आत अडकते. लवकर ओतली तर काकवी, उशीर झाला तर कोरडी, आणि कमी पडली तर पुढं कधीतरी आंबते. मग झाकण, वर कापड, वर मेणबत्त्यांचं वितळवलेलं मेण.

आमच्या घरात मूल जन्मलं की त्या वर्षीची एक लाल बरणी त्याच्या नावाने ठेवली जायची. जिन्याखाली, अंधारात, हलवायची नाही. लग्नाची बोलणी करायला माणसं आली की फोडायची. पहिला पेला वेलाच्या मुळाशी, दुसरा पाहुण्यांना. आणि नावाची असो वा दर वर्षीची, संपलेल्या बरणीवर पपा निळ्या रंगाने एका शब्दात निकाल लिहायचा. घरात ओळीने उभ्या असायच्या त्या बरण्या, लोणच्याच्या, मिठाच्या, वर्षभराच्या बॉटल मसाल्याच्या, आणि प्रत्येकीच्या पोटावर जुना निकाल. आईचं मीठ ‘पोरकट’ मध्ये असायचं. तांदूळ ‘बोलकी’ मध्ये. वाईट निकाल लिहायलाही तो लाजायचा नाही. ‘चुकली’ नावाची एक बरणी आमच्या मोरीत होती.

आता तो शनिवार.

दुसऱ्या दिवशी पार्ल्याची माणसं येणार होती. माझा नवरा तेव्हा नुसता ऑफिसातला मित्र होता. त्याची आई शाळेत मराठी शिकवायची. पपा दोन आठवडे हवेत होता. "पार्लेवाल्यांनी कधी प्यायली नसेल अशी पाजतो." दुपारी तो मासळी बघायला गेला, आई शेजारी मसाला कांडायला. तिखटाच्या धुळीने गल्ली खोकत होती.

मी जिन्याखालून बरणी ओढली, मेण सुरीने कापलं आणि मागच्या गटाराशी तिरपी केली. गटार पुढे दहिसरच्या नदीला मिळतं. सगळी ओतली. तळाशी साका होता, काळा, मखमलीसारखा. तोही.

का केलं ते सांगत नाही. कारणं मला पाठ आहेत, अठ्ठावीस वर्षं घोकलीत. कारणं सांगितली की गुन्हा लहान दिसतो, आणि मला तो लहान करायचा नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी टोमणा मारला नव्हता, पार्ल्याहून काही निरोप आला नव्हता. लाज माझी होती. घरची होती, विकतची नाही.

पण एक सांगायलाच हवं. ओतताना बोटांवर आली, आणि मी बोटं चाखली. ती आंबली नव्हती. वाळलेलं अंजीर, जांभळाची साल, मागून उशिरा येणारी ऊब. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि ती बरणीही. इतकं चांगलं काही मी आधी प्यायले नव्हते, नंतरही नाही. तेव्हाही अर्धी बरणी शिल्लक होती. मी थांबले नाही.

आणि पपाचं नाक मला माहीत होतं. म्हणून स्वयंपाकघरातून आईची सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणली, ती अर्धीअधिक बरणीत रिकामी केली, बरणी खळबळून फिरवली, सिरका टाकला. बाहेरून झाकण पुसलं. चूक चटकन होऊन जाते. हे सगळं मला जमवावं लागलं.

पपा आला, हातात पापलेटची पिशवी. मी म्हटलं, "पपा, वास येत होता म्हणून उघडून बघितली. पार आंबलेली. ओतली मी."

त्याने पिशवी खाली ठेवली. बरणीत तोंड घातलं. खूप वेळ. मांजर पापलेटला लागलं तरी त्याला कळलं नाही.

"दारू कमी पडली," तो म्हणाला. "तुझ्या वक्ताला मी घाई केली गो. पोरगी झाली म्हणून नाचत होतो, माप चुकलं." मग माझ्याकडे न बघता, "माझंच चुकलं."

मी म्हणाले, "जाऊ दे पपा." एवढंच म्हणाले.

त्याने ब्रश आणला, लिहिलं आणि बरणी परत जिन्याखाली सरकवली.

रविवारी माणसं आली. लिंबाचं सरबत दिलं. होणाऱ्या सासूबाईंनी मांडवाकडे बघून विचारलं, "द्राक्षाचा वेल आहे का हो हा? मुंबईत?"

"असाच हाय," पपा म्हणाला. "सावलीला."

त्यानंतर त्याने डोणी घासली नाही. त्या ऑक्टोबरला सुरा काढला नाही, पुढच्यालाही नाही. वेल वाढत गेला, मांडव सोडून कौलांवर, कौलांवरून शेजारच्या फणसावर, नुसती पानं. पपा नऊ वर्षं जगला. त्या नऊ वर्षांत मी दर नाताळला, दर ईस्टरला, त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या घरी गेले. एक वाक्य पुरलं असतं. जिन्याखाली रुबेनची बरणी तशीच होती. एक वाक्य बोलले असते तर तो नाचत ती फोडून प्यायला असता. नाही बोलले.

ह्या रविवारी जिन्याखालून माझी रिकामी बरणी मी बाहेर ठेवली, आणि रुबेनने त्याची भरलेली उचलली. त्याने लग्न केलं नाही, म्हणून ती फुटली नाही. त्याच्या नावाखाली जागा कोरी होती.

"ही ओततो मोरीत," तो म्हणाला. "रिकामी केली तर कोणतरी लोणच्याला नेईल. पपा शेवटी म्हणालेला, माझ्या हातालाच काय झालंय, तुझीपण आंबली असेल, उघडू नको. इतकी वर्षं मी हिच्यावर चपला ठेवतोय."

तो मोरीच्या उंबऱ्यावर होता.

"थांब," मी म्हटलं. "माझी आंबली नव्हती. मी ओतली. आणि सिरक्याने खळबळली, त्याला वास यावा म्हणून."

रुबेनने बरणी खाली ठेवली, मूल ठेवावं तशी.

"आईचा सिरका?"

"हो."

"त्या ईस्टरला तिने विंदालू नाय केला," तो म्हणाला. "मी भांडलो होतो. सिरका संपला म्हणाली. बाजार दहा पावलांवर, आणि सिरका संपला म्हणून विंदालू नाय."

म्हणजे अर्धी रिकामी बाटली आईने बघितली होती, तिला माहीत होतं. आईनेही मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. हा गप्पपणा मला कुठून आला ते त्या क्षणी कळलं. पण तोही मी तिच्या माथी मारणार नाही.

"पपालापण कळलं असेल गो," रुबेन हळूच म्हणाला. "नाक होतं त्याचं. बोलला नसेल."

"नको," मी म्हटलं. "ती पळवाट मला देऊ नको. कळलं असतं तर त्याने पुढच्या वर्षी डोणी घासली असती. त्याला खरंच वाटलं की त्याचं चुकलं. तसाच गेला तो."

रुबेन रागाने लाल झाला होता. आमच्यात असं झालं की शिव्या निघतात. त्याने एकच दिली, ती इथं लिहीत नाही, आणि ती बरोबर होती. मग म्हणाला, "चाकू आण."

मेण पिवळं, कडक झालेलं. आत बरणी अर्ध्यावर आली होती. बाकीची इतक्या वर्षांत हवेने प्यायली. रुबेनने धुतलेला रुमाल लावला, मी न हलवता तिरपी केली. चहाच्या ग्लासात तांबूस तपकिरी धार आली, दाट, संथ. पहिला पेला मी बाहेर नेला आणि त्या माजलेल्या वेलाच्या मुळाशी ओतला.

मग आम्ही दोघं ओट्यावर बसून प्यायलो. खजूर, जळकी साखर, जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखा वास, आणि तळाशी कुठेतरी आमच्या वेलाचा तो मूठभर आंबटपणा, अजून जिवंत, अजून भांडखोर.

रुबेनने ओठ चाटले. "चपला ठेवत होतो मी," तो म्हणाला. "साला, चपला."

मागच्या खोलीत त्याच्याकडे निळ्या रंगाचा डबा होता. दरवाजा अजून त्याच रंगाचा आहे, मंगळवारपर्यंत. त्याने स्वतःच्या बरणीवर लिहिलं: झकास. पपाने असा शब्द कधी लिहिला नसता. मग ब्रश माझ्यापुढे धरला. "तुझं तू लिही. त्याचा शब्द पुसायचा नाय. खाली लिही."

मी पपापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं: खोटं. चांगली होती. मी ओतली.

माफी ज्याच्याकडे मागायची तो नाही, आणि बाकी कुणाकडे मी मागणार नाही. चर्चमधल्या कबुलीच्या जाळीआड जाऊन हे कुजबुजायचंही नाही मला. कुजबुज खूप झाली. पपाचा सुरा मिळाला, मुठीला गंज. तो घासून मी कौलांवर चढले, ह्या वयात, आणि वेल छाटला. रुबेन खालून ओरडत होता, "अगो पडशील! मंगळवारी तोडणारच हायेत तो!" तोडू देत. बारा काड्या काढल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, पिठाच्या डब्यात घातल्या. डोणी चार माणसांना उचलत नाही, टेम्पो सांगितलाय. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतील, पार्किंगमध्ये म्हशीची डोणी चालणार नाही. सपाटीवर कुणीही पिकवतो. फेब्रुवारीत येऊन बघा, माझे पाय काय रंगाचे असतात ते.

सोमवारी सकाळी बरणी पार्ल्याच्या हॉलमध्ये आणली, दारासमोर, टीव्हीच्या बाजूला. नवऱ्याने वाचलं, सगळं ऐकलं. थोड्या वेळाने त्याने ती हळूच भिंतीकडे वळवली, पाहुणे येतात म्हणून. मी परत फिरवली. त्याने पुन्हा वळवली नाही.

सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. काठी टेकत आल्या, चष्मा पुसला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं. तिन्ही वाक्यं, पूर्णविरामासकट. माझ्याकडे वळल्या.

"ही त्या दिवशी आम्हाला द्यायची होती?"

"हो."

"आणि तू मला विचारलंस?"

"नाही."

"म्हणजे माझ्या वतीने तूच नको म्हणालीस." त्या खुर्चीत बसल्या, काठी गुडघ्यांत धरली. "त्या उन्हात सरबत कोमट होतं, अजून आठवतंय मला. भावाची उरलीय का?"

"एक बाटली आणलीय."

"आज वार कुठला?"

"सोमवार."

"उपास आहे माझा. मग उद्या दे." मग त्या म्हणाल्या, "आणि औषधासारखी चमच्याने नको. पेल्यात दे. तुझे वडील पाहुण्यांना देणार होते, तशी."